कांद्याचे पाणी होते तेव्हा

मृगाचे दोन-तीन पाऊस झाले की कांद्याची चाळ डोळ्यांआधी नाकाला सापडते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी शिंदखेडा तालुक्यातल्या एका मळ्यात उभा होतो. समोर जिभाऊंची चाळ होती. जिभाऊ म्हणजे माझ्या मामांचे शेजारी. वय सत्तरीपुढे, पण कांदा हातात आला की त्यांची नजर अजूनही आधी त्याच्या मानेवर जाते. त्यांनी बांबूच्या पट्ट्यांतून हात आत घातला, चाचपून एक कांदा बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

दिसायला कांदा अगदी धड होता. टरफल सुकलेले, गुलाबी, चकचकीत. "मानेशी दाब," जिभाऊ म्हणाले. मी अंगठा टेकवला आणि तो पहिल्या पेरापर्यंत आत गेला. मानेतून पांढुरके, चिकट पाणी मनगटावर ओघळले. कांदा मधोमध कापला तेव्हा नवल दिसले. बाहेरून तिसरा पापुद्रा पार विरघळून गेला होता, पण त्याला खेटून असलेला चौथा पांढराशुभ्र आणि करकरीत होता.

"कांदानं पानी व्हई गयं," जिभाऊ म्हणाले.

अहिराणीतले हे चार शब्द मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा नेमके वाटतात. बुरशी लागली की कांद्यावर काळी पूड दिसते, कीड लागली की भोक दिसते. इथे यातले काहीच नव्हते. टरफल जागेवर, आकार जागेवर आणि आत फक्त पाणी. हे पाणी करतो कोण, तो वर्षभर राहतो कुठे आणि नेमका जूनमध्येच कसा जागा होतो, या प्रश्नांच्या मागे जाता जाता मी चाळीतून निघून ढगांपर्यंत पोहोचलो.

डिंक खाणारे

वनस्पतीचे अंग कोट्यवधी पेशींचे असते आणि त्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारा एक डिंक असतो. त्याचे नाव पेक्टिन. १८२५ साली आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले. ज्या ग्रीक शब्दावरून ते आले, त्याचा अर्थ गोठणे, घट्ट होणे. पेरूची जेली ज्या गुणाने थरथरत का होईना उभी राहते, तो गुण पेक्टिनचा. कांदा करकरीत लागतो, गाजर मोडताना कट्‌कन आवाज येतो, तोही याच डिंकाच्या जोरावर.

हा डिंक काढून टाकला तर काय होते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. अंबाडीच्या काड्यांच्या पेंढ्या बांधून, वर दगड ठेवून डोहात बुडवायच्या. काही दिवसांनी पेंढी उघडली की साल सुटते आणि वाख मोकळा होतो. त्या वाखाची दावी आणि कासरे वळायचे. पाण्यातले जिवाणू तेवढ्या दिवसांत काडीतला पेक्टिन खाऊन टाकतात आणि चिवट धागा आपल्यासाठी ठेवतात. डोहातल्या त्या जिवाणूंच्या जाती वेगळ्या असतात, पण काम हेच. जिथे डिंक जाऊन धागा उरावा असे वाटते तिथे त्याला आपण भिजवणे म्हणतो. जिथे धागा नाहीच, नुसता रस आहे, तिथे तेच काम सड होते.

कांद्यात ८६ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. प्रत्येक पेशी म्हणजे पाण्याने तट्ट फुगलेली पिशवी. भोवतालची भिंत तो ताण पेलते म्हणून पिशवी टिकते. डिंक विरघळला, भिंत सैल झाली की आतल्या दाबाने पेशी फुटते आणि तिच्यातली साखर, क्षार, सगळा रस बाहेर येतो. म्हणजे माझ्या मनगटावर ओघळलेले पाणी बाहेरून आलेले नव्हते. ते त्या कांद्याचेच होते. त्याला धरून ठेवणारे घर तेवढे गेले होते.

त्या पाण्याचा एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर आखूड काड्यांसारखे असंख्य जीव वळवळताना दिसतात. एकेकाची लांबी सुमारे २ मायक्रॉन. मोहरीच्या दोन मिलिमीटरच्या दाण्याएवढ्या अंतरात असे हजार जण एकापुढे एक मावतील. अंगभर केसांसारखे तंतू असतात आणि ते फिरवत हे जीव पाण्यात पोहतात.

यांची ओळख गाजरातून पटली. १९०१ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात एल. आर. जोन्स यांनी सडलेल्या गाजरातून हा जिवाणू वेगळा काढून त्याचे वर्णन केले. जिवाणूंमुळे झाडांना रोग होतो हेच तेव्हा अनेकांना पटत नव्हते. ते ठामपणे मांडणाऱ्यांत अर्विन स्मिथ हे अमेरिकी शास्त्रज्ञ पुढे होते. त्यांच्या सन्मानार्थ या घराण्याला 'अर्विनिया' हे नाव मिळाले. आपल्या शेतीसल्ल्यांत आजही दिसणारा 'इर्विनिया' तो हाच. पुढे घराणे विभागले गेले. मऊ सड करणाऱ्या एका शाखेला पेक्टोबॅक्टेरियम, म्हणजे पेक्टिनवाला जिवाणू, हे नाव मिळाले. उष्ण हवा अधिक मानवणाऱ्या दुसऱ्या शाखेचे २००५ साली डिकेया असे नामकरण झाले. या दोघांची दूरची भावकी ऐकून मी चपापलो. आपल्या आतड्यातला ई. कोलाय आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यातली गावे ओस पाडणाऱ्या प्लेगचा जिवाणू याच गोतावळ्यातले आहेत.

कोरम भरेपर्यंत गप्प

डिंक कातरणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, ही या जिवाणूची हत्यारे. एवढी धारदार हत्यारे जवळ असताना हा जिवाणू दिसेल त्या कांद्यावर लगेच तुटून का पडत नाही? कारण वनस्पती गाफील नसते. पेक्टिनची साखळी तुटली की तिचे छोटे तुकडे सुटतात आणि त्या तुकड्यांवरूनच झाडाला कळते की आपली भिंत कुणीतरी पोखरते आहे. लगेच आसपासच्या पेशी भिंती जाड करतात, विषारी रसायने सोडतात. एकट्यादुकट्या जिवाणूने विकरे सोडून डिंक कातरायला सुरुवात केली, तर त्याने स्वतःच गजर वाजवल्यासारखे होईल आणि पोट भरण्याआधी तोच मरेल.

म्हणून तो थांबतो. नुसता थांबत नाही, मोजणी करतो.

ग्रामसभेला कोरम लागतो, तसाच याच्या हल्ल्यालाही लागतो. प्रत्येक जिवाणू एक बारीकसा रासायनिक रेणू सतत बाहेर सोडत असतो. उघड्यावर एकटा असेल तर तो रेणू वाहून जातो. पण दोन पापुद्र्यांमधल्या बंदिस्त, ओल्या फटीत संख्या वाढत गेली की रेणूही साचत जातात. त्यांचे प्रमाण ठरावीक पातळीच्या वर गेले की सगळ्यांना एकाच वेळी कळते, आपण पुरेसे झालो. मग सगळे मिळून विकरे सोडतात. झाडाला सावध व्हायला वेळच उरत नाही.

हा हिशेब किती झपाट्याने पुरा होतो? ऊब आणि ओल असताना तासाला दुप्पट असे धरू. एकाचे दहा तासांत हजारभर, वीस तासांत दहा लाखांवर आणि चोवीस तासांत दीड कोटीच्याही पुढे. काल संध्याकाळी धड वाटलेला कांदा आज सकाळी दगा का देतो, याचे उत्तर या गुणाकारात आहे.

याहून मोठे नवल पुढे आहे. हाच निरोप देणारा रेणू आधी समुद्रात सापडला होता. काही सागरी जिवाणू दाटीने जमले की निळसर उजेड सोडतात. तो उजेड लावण्याची आज्ञा ज्या रेणूने मिळते तो शास्त्रज्ञांनी १९८१ साली ओळखला. १९९२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांना तोच रेणू भाज्या सडवणाऱ्या जिवाणूत आढळला. तिथे तो उजेड लावत नव्हता, तर एक प्रतिजैविक तयार करण्याची आज्ञा देत होता. पेशी फुटून रस वाहू लागला की आसपासचे इतर भुकेले जिवाणू धाव घेणारच. म्हणून पंगत मांडतानाच यांच्यातले काही बाहेरच्यांसाठी दार लावून घेतात. ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, त्या एका पेशीच्या जिवाला गर्दी मोजता यावी, योग्य वेळ ओळखता यावी आणि दार लावण्याचेही भान असावे, हे कळल्यावर मी त्या सडक्या कांद्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकलो नाही.

मातीत नाही, मग कुठे?

शेतकऱ्याला विचारले की हा रोग येतो कुठून, तर बहुतेकदा उत्तर येते, जमिनीतून. पण जमीन हे या जिवाणूचे कच्चे घर आहे. काही जिवाणू वाईट दिवसांत स्वतःभोवती टणक कवच तयार करून वर्षानुवर्षे पडून राहतात. याला ती विद्या येत नाही. उघड्या मातीत तो काही आठवडे, फार तर काही महिने तग धरतो. माती जितकी कोरडी आणि तापलेली, तितके त्याचे आयुष्य कमी. पन्नास अंशांच्या आसपास तर तो काही मिनिटांत मरतो. खान्देशात मे महिन्यात हवाच ४२-४४ अंशांवर जाते आणि नांगरून उघडी पडलेली वरची माती त्याहून तापते. उन्हाळी नांगरट करून ढेकळे उन्हात टाकण्याच्या जुन्या रिवाजात किती शहाणपण आहे, हे इथे कळते.

तरीही दर पावसाळ्यात तो हजर असतो. कारण त्याची वस्ती एका ठिकाणी नाही. ती विखुरलेली आहे.

पहिले घर म्हणजे आपणच टाकलेला कचरा. चाळीतून निवडून बांधावर फेकलेले सडके कांदे, शेतात राहून गेलेल्या गाठी, केळीची कापून टाकलेली खोडे. ओलसर काडीकचऱ्याच्या पोटात, उन्हापासून लपून, जिवाणू उघड्या मातीपेक्षा कितीतरी जास्त काळ राहतो. दुसरे घर मुळांभोवतीचे. जिवंत मूळ साखर पाझरत असते. तणांच्या आणि दुसऱ्या पिकांच्या मुळांशी हा जिवाणू कसलाही रोग न करता, थोडक्या उपजीविकेवर गुण्यागोविंदाने राहतो. त्या तणाकडे पाहून कुणाला संशयही येत नाही.

तिसरे घर पाणी. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेतल्या कोलोरॅडोत शास्त्रज्ञांनी नद्या, ओढे, कालवे तपासले, तेव्हा त्या वाहत्या पाण्यात हे जिवाणू सापडले. पुढे तर पाण्यातूनच काही नव्या जाती ओळखल्या गेल्या आणि त्यांची नावेही पाण्यावरून ठेवली गेली. आपल्याकडे पाटाने पाणी देताना एका वाफ्याचे पाणी दुसऱ्या वाफ्यात उतरते. वरच्या वाफ्यात एक गड्डा सडला असेल, तर पाणी त्याची वार्ता खालच्या वाफ्यापर्यंत नेते.

चौथे घर उडते. सडक्या कांद्याच्या ढिगावर घोंघावणारी चिलटे आपण हाताने हाकलतो. अमेरिकेतल्या मिनेसोटात जे. जी. लीच यांनी १९२० च्या दशकात बटाटे पोखरणाऱ्या एका माशीचा अभ्यास केला. अळीच्या पोटातले हे जिवाणू ती कोषात गेली तरी टिकतात आणि नव्या माशीसोबत पुन्हा बाहेर पडतात, असे त्यांना दिसले. कोषात अळीचे जवळजवळ सगळे शरीर मोडून नव्याने घडते. तेवढ्या उलथापालथीतही हा बिऱ्हाडकरू जागा सोडत नाही. पुढे २००० सालाच्या सुमारास फ्रान्समधल्या संशोधकांनी चिलटांच्या आतड्यात तग धरायला मदत करणारे एक जनुकच या जिवाणूच्या एका वाणात शोधून काढले. माशी म्हणजे नुसती वाटेत भेटलेली गाडी नव्हे. त्या गाडीत बसायची सोय या जिवाणूने करून ठेवलेली आहे.

पाचव्या घराबद्दल वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर आभाळाकडे पाहत बसलो. पावसाचा टपोरा थेंब सडलेल्या खोडावर आदळतो तेव्हा बारीक तुषार उडतात. त्यातले सर्वांत बारीक तुषार खाली पडतच नाहीत, वाऱ्यावर तरंगत राहतात आणि त्यांत जिवाणू असतात. १९८० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञांना हे जिवाणू पावसाच्या पाण्यात आणि समुद्राच्या पाण्यातही मिळाले. १९९८ साली गॅरी फ्रँक आणि पॉल डीमॉट यांनी प्रयोगाने दाखवले की हवेतल्या या जिवाणूच्या पेशीभोवती बाष्प जमून ढगाचा थेंब तयार होऊ शकतो. ढगाचा प्रत्येक थेंब कशाच्या तरी कणाभोवती जमतो. कधी धूळ, कधी मीठ. आणि कधी, कुठल्याशा शेतात सडलेल्या बटाट्यातून उडालेला एक जीव.

ज्या मुलखात रोहिणी संपल्या की माणसे दोंडाईच्याच्या बाजारात असोत की तापीकाठच्या मळ्यात, मान वर करून ढग शोधतात, तिथे हे वाचताना अंगावर काटा येतो.

या भटकेपणाची खरी परीक्षा स्कॉटलंडमध्ये झाली. तिथल्या बियाण्याच्या बटाट्यात हा जिवाणू ठाण मांडून होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी खोडाच्या कलमांपासून पूर्ण स्वच्छ रोपे तयार केली आणि त्यांच्यापासून बियाणे वाढवले. सुरुवातीला एकही जिवाणू नाही. पण शेतातल्या थोड्याच पिढ्यांत तो परत आला. कुठून? पावसातून, माश्यांमधून, अवजारांवरून, पाण्यातून. त्याला हाकलून लावता येत नाही, हे तिथल्या शेतकऱ्यांना तेव्हा कळून चुकले.

एक पात, एक पापुद्रा

हा जिवाणू इतका सर्वत्र आहे तर सगळेच कांदे का सडत नाहीत? कारण धड सालीतून आत शिरायला त्याच्याकडे काहीच नाही. बुरशीसारखे भोक पाडता येत नाही, किड्यासारखा डंख नाही. त्याला दार उघडे मिळावे लागते. गारपिटीने फाटलेली पात, फुलकिड्यांनी खरवडलेली पात, खुरपणीत लागलेली खुरप्याची जखम, काढणीनंतर ट्रॉलीत उंचावरून आदळल्याने झालेली ठेच. आणि सर्वांत मोठे दार, कांद्याची मान.

कांद्याचा गड्डा म्हणजे मूळ नव्हे, फळही नव्हे. वरच्या हिरव्या पातींची फुगलेली बुडे एकावर एक बसून तो बनलेला असतो. म्हणजे वरची एक पात आणि खालचा एक पापुद्रा हे एकाच पानाचे दोन भाग. मान हिरवी, ओली असताना एखाद्या पातीतून जिवाणू खाली उतरला तर तो थेट तिच्याच पापुद्र्यात जातो. शेजारच्या पापुद्र्याला स्वतःची साल असते, तो वाचतो. माझ्या हातातल्या कांद्याचा तिसरा थर पाणी आणि चौथा करकरीत का होता, ते इथे उलगडले. तो विरघळलेला थर म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीतरी जखमी झालेल्या एका पातीची उशिरा पोहोचलेली गोष्ट होती.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आत शिरलेला जिवाणू जूनपर्यंत का थांबला? इथे पाण्याचे दुसरे काम दिसते. बटाट्यावर झालेल्या अभ्यासात असे आढळले की सालीवर पाण्याचा पातळ थर बसला की आत हवा जाणे थांबते आणि काही तासांतच आतला प्राणवायू संपतो. जखम भरून काढायला, बचावाची रसायने तयार करायला वनस्पतीला प्राणवायू लागतो. जिवाणूचे मात्र प्राणवायू असला तरी चालते आणि नसला तरी चालते. पाण्याचा तो थर म्हणजे पहारेकऱ्याच्या तोंडावर टाकलेली ओली चादर. पहारेकरी गुदमरतो, चोर आरामात श्वास घेतो.

मे महिन्यात खान्देशातल्या चाळीत भट्टीसारखी कोरडी हवा असते. त्या हवेत मान सुकून मिटते, जिवाणू पापुद्र्यात पडून राहतो. मग पाऊस येतो. हवा दमट होते, तापमान तिशीच्या आसपास उतरते. २५ ते ३० अंश आणि ओल, हीच या जिवाणूची आवडती हवा. आपल्याला ज्या दिवशी हायसे वाटते, त्याच दिवशी त्यालाही वाटते.

तापीच्या काठाने पूर्वेला गेले की हेच नाट्य केळीत दिसते. चोपडा, यावल, रावेरच्या पट्ट्यात, ज्या केळीला २०१६ साली 'जळगाव केळी' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले त्या बागांत, याच घराण्यातले जिवाणू कंदकूज करतात. प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढलेले उतिसंवर्धित रोप शेतात येते, बुडाशी पाणी साचते, हवा गरम असते आणि काही महिन्यांचे हिरवेगार झाड एके दिवशी कलते. हाताने ओढले तर कंद जमिनीतच राहतो आणि खोड गळ्याशी तुटून हातात येते. तुटल्या जागी तपकिरी, घाण वासाचा चिखल. मुनवे काढताना एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तोच कोयता गेला, तर तो कोयताच जिवाणूचे वाहन होतो.

आणि इतिहासातली सर्वांत भीषण सड? १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला, लाखो माणसे उपाशी मेली. ढिगाच्या ढिगांना जी असह्य दुर्गंधी सुटली होती, तिच्यात करप्याच्या मागोमाग शिरलेल्या मऊ सडीच्या जिवाणूंचा मोठा हात होता. दार दुसऱ्याने फोडले, घर यांनी धुऊन नेले.

मान सुकली की दार मिटते

कांद्याबद्दलचा शास्त्रीय सल्ला या सगळ्यानंतर वाचला तर त्यातली प्रत्येक ओळ बोलू लागते. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा, म्हणजे मान आपणहून सुकू लागते. निम्म्या माना पडल्या की काढा, म्हणजे झाडाने स्वतःच दार लोटायला घेतलेले असते. उपटलेला कांदा पातीसकट शेतात तीनेक दिवस असा पसरा की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल, म्हणजे पातीतला रस खाली ओढला जातो आणि गड्ड्याला ऊन लागत नाही. मग अडीच सेंटीमीटर मान ठेवून पात कापा, कारण मान आखूड कापली तर जखम थेट गड्ड्याला मिळते. नंतर दहा-बारा दिवस सावलीत सुकवा. चाळ जमिनीपासून उचललेली हवी, खालून वारा हवा, ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच नको. यातली प्रत्येक गोष्ट एकच काम करते. जिवाणूला ओल मिळू देत नाही.

आपल्या स्वयंपाकघरातही या ज्ञानाचा एक तुकडा आहे. पेठा करताना कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवतात, म्हणून त्या पाकात शिजूनही कडक राहतात. चुन्यातले कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींशी गाठी मारते. १९८० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये आर्थर केलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या बटाट्यात कॅल्शियम जास्त, तो या जिवाणूपुढे जास्त टिकतो. पेठा करणाऱ्या हातांना हा डिंक घट्ट करण्याची युक्ती केव्हाचीच ठाऊक होती.

या घराण्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला थांबता येत नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात, जो लहान मुलांत सर्वाधिक आढळतो, ॲस्पॅराजिनेज नावाचे विकर औषध म्हणून देतात. कर्करोगाच्या पेशींना लागणारे एक पोषकद्रव्य ते रक्तातून काढून टाकते. हे औषध मूळ ई. कोलायपासून मिळते, पण काही मुलांना त्याची ॲलर्जी होते. मग त्यांना दुसरे ॲस्पॅराजिनेज देतात. ते मिळते मऊ सड करणाऱ्या डिकेयापासून, जुन्या नावाने अर्विनियापासून. जिवाणूंच्या ज्या घराण्याने कंद आणि गाठी कुजवल्या, त्याच घराण्यातल्या एकाचे विकर आज एखाद्या लेकराच्या शिरेतून थेंब थेंब उतरत असते.

म्हणून मला आता हा जिवाणू बळकट वाटत नाही आणि दुष्टही वाटत नाही. त्याला कवच नाही, डंख नाही, उन्हाची धग सोसत नाही. त्याच्याकडे आहे ती फक्त वाट पाहण्याची ताकद आणि वेळ ओळखण्याची कला. मुडावदच्या संगमावर पांझरा तापीला मिळते तिथल्या काठापासून ते आभाळातल्या ढगापर्यंत तो कुठेही असू शकतो. तो असणारच आहे. आपल्या हातात एवढेच आहे की त्याला वेळ मिळू द्यायची नाही.

हे सगळे मी जिभाऊंना सांगितले तेव्हा सडके कांदे निवडून दोन घमेली भरली होती. नेहमीप्रमाणे ती बांधापलीकडच्या नाल्यात रिकामी होणार होती. जिभाऊंनी एक घमेले उचलले, दोन पावले टाकली आणि थांबले. नाला खाली वळून कुणाच्या मळ्यात जातो, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. त्यांनी घमेले खाली ठेवले आणि नातवाला हाक मारली. "फावडं आन रे," ते म्हणाले. विहिरीपासून लांब, नाल्यापासून लांब, लिंबाच्या पलीकडे त्यांनी कमरेइतका खड्डा खणून घेतला, कांदे त्यात ओतले आणि वर माती लोटली. मग हात धुऊन, पंचाला कोरडे पुसून, ते पुन्हा चाळीपाशी आले आणि एकेका कांद्याची मान अंगठ्याने दाबून पाहू लागले.